हडळीचा ववसा

गुरुसिद्धप्पांनी मुंबईत एक इंग्रजी चित्र पाहिलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

गुरुसिद्धप्पा हे तंबूतल्या सिनेमाचे मालक. वर्षभर त्यांचा तंबू या जत्रेतून त्या जत्रेत हिंडे आणि संक्रांतीला सोलापूरच्या गड्ड्यावर, सिद्धेश्वराच्या यात्रेत, ठाण मांडून बसे. त्या इंग्रजी चित्रात एक उमराव होता. दिवसा लाकडी पेटीत निजायचा आणि अंधार पडला की उठून लोकांच्या नरड्याचं रक्त प्यायचा. अप्पांना त्यातला एक शब्द कळला नाही. पण मुंबईसारख्या शहाण्या शहरातली माणसं तिकीट काढून किंचाळत होती, हे मात्र त्यांना चांगलंच कळलं. परतीच्या गाडीत कुर्डुवाडी येईपर्यंत त्यांनी ठरवून टाकलं होतं की असलं एक चित्र आपणही काढायचं. नावसुद्धा ठरलं, ‘हडळीचा महाल’.

तेव्हा शहरातल्या पक्क्या थेटरांत चित्रं बोलायला लागली होती. पण बोलणाऱ्या चित्राला बोलणारं यंत्र लागतं, आणि अप्पांच्या तंबूत बोलणारे एकटे अप्पाच. पडद्यावर अक्षरं आली की ते कडेला उभे राहून भोंग्यातून ती वाचून दाखवायचे, आणि जिथं अक्षरं नसत तिथं आपली स्वतःची चार वाक्यं घुसडायचे. तेव्हा चित्र मुकंच काढायचं, यात वाद नव्हता.

महाल म्हणून मोहोळच्या रस्त्यावरची कापूस पिंजायची एक बंद पडलेली जिनिंग मिळाली. छप्पर उडालेलं, भिंती काळ्या पडलेल्या, आत कबुतरांचा सुळसुळाट. छप्पर नव्हतं ते एका अर्थी बरंच झालं. दिवे भाड्यानं आणायची ऐपत नव्हती, आणि उजेड वरून फुकट येत होता. मध्यरात्रीचे सगळे प्रसंग भर दुपारी काढायचे आणि मग फिल्म निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवून काढायची, की झाली रात्र. वटवाघळं जुन्या छत्र्या फाडून केली. कॅमेरा पीरसाबचा. पीरसाब एरवी लग्नातले फोटो काढायचा, हा हातानं फिरवायचा कॅमेरा त्यानं एका बुडालेल्या कंपनीकडून घेतला होता. आणि या सगळ्यांत स्वस्तात मिळाली ती हडळ.

हडळीचं नाव सोनाबाई. ते नाव मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण मुक्या चित्रांच्या काळात ती मिस मोहनमाला होती. तिनं राण्या केल्या, पार्वती केली, अग्नीत उडी घेणाऱ्या सती केल्या. पानाच्या दुकानांत तिच्या तसबिरी लागत. मग चित्रांना वाचा फुटली आणि कोल्हापुरात तिच्या आवाजाची परीक्षा झाली. प्रसंग साधा होता. राणी प्रजेला म्हणते, इकडे या, भिऊ नका. सोनाबाईनं मान ताठ केली, डोळ्यांत जरब आणली आणि यंत्रासमोर म्हणाली, “हितं या, भिऊ नगा.”

इतकी वर्षं पुण्या-कोल्हापुरात काढून तिनं बोलणं घासूनपुसून घेतलं होतं. पण घशाला कोरड पडली आणि माढ्याकडची सोना नेमकी तेव्हाच बाहेर आली. सगळे हसले. दिग्दर्शक सगळ्यांत उशिरा हसला, पण सगळ्यांत जास्त तोच हसला. त्यानंतर तिला कुणी बोलावलं नाही. चाळिशी उलटलेली, तोंडात गावाकडची बोली, राणी सोडाच, राणीच्या दासीचं कामसुद्धा आता बोलता येणाऱ्या पोरींकडे जात होतं. तिला दुसरं काही करता येत नव्हतं आणि परत जायला घर नव्हतं. मुकं चित्र काढणारा सबंध मुलखात हा एकच वेडा उरला होता, म्हणून ती सोलापुरात आली.

पहिल्याच दिवशी लुगड्यावरून वाजलं. अप्पांनी हौसेनं पांढरंशुभ्र लुगडं आणलं होतं.

“पांढरं मी नेसायची न्हाय, अप्पा,” सोनाबाई म्हणाली. अप्पांशी बोलताना ती बोली लपवायच्या भानगडीत पडत नसे.

“अवो बाई, भूत हाय. भूत पांढरंच असतंय की. इंग्रजी चित्रात...”

“इंग्रजी भुताचं इंग्रजांना. आपली ही बाळंतपणात गेलेली बाई हाय न्हवं? सवाष्ण मेली तर तिला कसं नेत्यात? हिरवं लुगडं, हातभर चुडा, कपाळभर कुंकू. तिला पांढरं कोण नेसवतं?”

“चित्रात हिरवं काय आन् तांबडं काय, समदं काळंच दिसतंय.”

“चुडा दिसतो. कुंकू दिसतं. बायकांना बरोबर दिसतं.”

अप्पांनी कपाळावरच्या विभूतीला हात लावला आणि कानडीत काहीतरी पुटपुटले. मग पेटीवरून दुसरा वाद झाला. हडळ पेटीतूनच उठली पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. आपल्यात माणसाला पेटीत कोण ठेवतं, असं सोनाबाईनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, “आमच्या लिंगायतांत पुरतात.” पीरसाब कॅमेऱ्यामागून म्हणाला, “पर अप्पा, तुमारे में तो बिठाके पुरते. पेटी खडी करूं क्या?” अप्पा चिडले, पण पेटीचा हट्ट त्यांनी सोडला नाही. सोनाबाईनं पेटी मान्य केली आणि हिरवं लुगडं पदरात पाडून घेतलं.

पांढरं न नेसण्याचं खरं कारण तिनं अप्पांना सांगितलं नाही. ते तिनं कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. माढ्याजवळच्या एका खेड्यात मानसिंग देशमुखांच्या घरी ती जन्मली, आठव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि नवव्या वर्षी नवरा तापानं गेला. नवरा म्हणजे काय हे कळायच्या आधी तो नाही म्हणजे काय हे तिला कळलं. बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, पांढरं नेसवलं. देशमुखांच्या घरात विधवेचा पाट लावत नाहीत. पुढे तिला सुईणीचं काम शिकायला पुण्याला धाडलं, तिथून ती चित्रांच्या कंपनीत शिरली, आणि वडिलांनी तिच्या नावानं आंघोळ केली. पुढची सगळी वर्षं दिवसा कॅमेऱ्यासाठी कुंकू लावायचं आणि संध्याकाळी खोबरेल घेऊन पुसून टाकायचं, असं चाललं होतं. पांढरं तिनं लहानपणी जेवढं नेसलं तेवढं तिला जन्माला पुरलं होतं.

अप्पा माणूस वाईट नव्हते, पण व्यापारी होते. त्यांनी तिला सरळ सांगून टाकलं. “बाई, तुमचं हिरवं तर हिरवं. पण संक्रांतीच्या पयल्या खेळाला बाया किंचाळल्या पायजेत. किंचाळल्या तर पुढली चित्रं बी तुमचीच. न्हाय किंचाळल्या तर तुमचा भाग मी कापून टाकणार. बार्शीची एक तरणी पोरगी हाय, तिला पांढरं नेसवून पुन्यांदा काढणार.”

“किंचाळतील,” सोनाबाई म्हणाली.

सगळ्यांत महत्त्वाचा प्रसंग शेवटच्या दिवशी होता. इनामदाराचा वारस झोपला आहे, पेटीचं झाकण उघडतं, हडळ उठते, थेट कॅमेऱ्याकडे चालत येते आणि नखं पसरून नरड्याला हात घालते. फिल्म संपत आली होती, एकदाच काय ते काढायचं. ऊन असं रखरखत होतं की तोंडावरची पावडर ओघळून गेली. सोनाबाईच्या हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण होतं. राणीला गोंदण शोभत नाही म्हणून कंपन्या ते पावडरीखाली गाडून टाकत. आज ते घामानं उघडं पडलं. पीरसाबनं ते पाहिलं, पण उजेड सरकत होता, आणि त्याला ते वाईटही दिसलं नाही.

पेटी उघडली. सोनाबाई उठली. हिरवं लुगडं, चुडा, कपाळभर कुंकू. ती चालत कॅमेऱ्याकडे आली. “नखं! नखं!” अप्पा ओरडत होते. तिनं हात उचलले, आणि त्या हातांना काय झालं कुणास ठाऊक. तिला एकदम नवव्या वर्षीची संक्रांत आठवली. देशमुखांच्या अंगणात बायका एकमेकींच्या पदरात संक्रांतीचा ववसा घालत होत्या, आणि बांगड्या फुटून महिनाही न झालेली सोना दोन्ही हातांनी पदर पसरून त्यांच्यात धावत गेली होती. आत्यानं तिला दंडाला धरून फरफटत आत नेलं होतं. तो पदर तसाच रिकामा राहिला होता. आता कॅमेऱ्यासमोर सोनाबाईची नखं निघालीच नाहीत. तिचे हात पदराला गेले, पदर पसरला गेला, आणि ती तशीच भिंगात बघत उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

पीरसाब कॅमेरा फिरवतच राहिला, फिल्म संपली तेव्हाच खटखट थांबली.

“नरडं धर म्हणलं तर बाई पदर पसरती!” अप्पांनी डोक्याला हात लावला. “भीक मागनारी हडळ कुटं बघितलीस का रं, पीरसाब?”

“रहने दो अप्पा,” पीरसाब कॅमेऱ्याचं झाकण लावत म्हणाला. “अच्छा आया.”

त्याच्या त्या दोन शब्दांवर सोनाबाईनं पुढचे सगळे दिवस काढले.

संक्रांतीला दिवेलागणीचा पहिला खेळ लावला. गड्ड्यावर माणसांचा पूर लोटला होता. पाळणे, बांगड्यांची दुकानं, भाजलेल्या हुरड्याचा वास. तंबूत मधोमध कनात लावून बायकांची बाजू वेगळी केलेली. तिथं सोनाबाई डोक्यावरून पदर घेऊन, साधं लुगडं नेसून, कुणाला ओळखू येणार नाही अशी मागच्या बाजूला बसली. अप्पांनीच बसवलं होतं, किंचाळ्या मोजायला.

भोवती बायकाच बायका, आणि जिच्या तिच्या मांडीवर सुगड. संक्रांतीला सवाष्णी लहानशा मडक्यात बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडकी, गव्हाची ओंबी, तीळ भरतात आणि हळदीकुंकू लावून एकमेकींच्या पदरात घालतात. तो ववसा. देवळात आणि गणगोतात देऊन झाला तरी एखाददुसरं सुगड उरतंच, नाहीतर कुणाकडून आलेलं असतं. ती सुगडं घेऊनच बायका तंबूत शिरल्या होत्या. सोनाबाई या मुलखात संक्रांतीला इतक्या वर्षांनी आली होती. बोरांचा वास नाकात गेला आणि तिनं आपले रिकामे हात पदराखाली घेतले.

शेजारी एक म्हातारी बसली होती, बजाबाई नावाची, वाळक्या अंगाची, अंगावर जुनं पण स्वच्छ लुगडं. तिच्याही मांडीवर एक सुगड होतं आणि ते तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं.

चित्र सुरू झालं. छत्र्यांची वटवाघळं आली तेव्हा बायका हसल्या. इनामदाराच्या मिशा सुटायला लागल्या तेव्हा आणखी हसल्या. सोनाबाईनं डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. मग पेटीचं झाकण उघडलं आणि तंबू गप्प झाला. निळ्या उजेडात हडळ उठली. आता, सोनाबाई मनात म्हणाली, आता किंचाळा गं बायांनो, तुमच्या पाया पडते.

कुणी किंचाळलं नाही.

“अगं बया,” बजाबाई हळूच म्हणाली, “ही तर बाळंतीन हाय की.”

“चुडा बघ, किती भरलाय,” पुढची एक म्हणाली.

“कुंकू न्हाय व्हय दिसत? सवाष्ण गेलीया बिचारी.”

पडद्यावर हडळ जवळ जवळ आली. आता ती पडदाभर झाली होती. अप्पांनी भोंगा तोंडाला लावला आणि जीव खाऊन ओरडले, “पळा पळा! आली हडळ! आता नरडं फोडनार!” पण पडद्यावर पदर पसरला गेला. तो रिकामा पदर तिथंच थांबला, आणि बायकांतून एक आवाज भोंग्याच्या वर चढला.

“गप रं अप्पा! नरडं कुटं धरतीया? ओटी मागतीया ती!”

रीळ संपलं. अप्पांकडे यंत्र एकच, त्यामुळे दर रिळाला ग्यासबत्ती लावून थांबावं लागे. बत्ती लागली तेव्हा सोनाबाईनं डोळे मिटून घेतले होते. संपलं, असं तिला वाटलं. बार्शीची पोरगी, पांढरं लुगडं, आणि आपण कुठल्या गाडीत बसायचं हेसुद्धा ठाऊक नाही.

पायांची चाहूल लागली म्हणून तिनं डोळे उघडले. पुढच्या रांगेतली एक बाई उठून पडद्याकडे गेली होती. तिनं पडद्याच्या खालच्या काठाला हळदीकुंकवाचं बोट लावलं, सुगड जमिनीवर ठेवलं आणि नमस्कार करून माघारी आली. मग दुसरी उठली. मग पाच-सहा जणी एकदम. अप्पा त्यांच्या आडवे धावले.

“अवो बायांनो, चित्र हाय त्ये! बेडा बेडा, नगं नगं, पडदा खराब करू नगा!”

“चित्र हाय त्ये आमाला बी दिसतंय,” एक बाई म्हणाली. “तुज्या गल्ल्यावर सिद्धेश्वराचा फोटू हाय न्हवं? कागदच की त्यो. त्याला का हार घालतोस?”

अप्पा भोंगा हातात धरून बाजूला झाले.

बजाबाईनं सोनाबाईच्या कोपराला हात लावला. “लेकी, माजं गुडघं धरल्यात. येवढं सुगड तिच्या म्होरं ठिवून येतीस का?”

सोनाबाई दचकली. तिचा हात आपोआप पुढे झाला आणि तसाच मागे आला. “मला न्हाय चालत, मावशी.”

“का गं?”

“मी सवाष्ण न्हाय. मी ववशाला हात लावत न्हाय.”

“आनि मी कुटं हाय?” बजाबाई म्हणाली. “म्हातारा जाऊन लई दिस झालं.”

“मग हे सुगड कुनाचं?”

बजाबाईनं सुगडाच्या कडेवरनं अंगठा फिरवला. “माज्या शेवंताचं. पयल्याच बाळंतपनात गेली, पोर बी गेलं. गावात म्हनत्यात हडळ झाली, इहिरीवर बसती. बसती तर बसंना. मी दर संक्रांतीला इहिरीवर सुगड ठिवती, तर भावकी शिव्या देती, हडळीला घरात वडून आनतीस म्हनून. औंदा भांडान नगं म्हनून जत्रंला आली. सुगड भरलं, पर कुटं ठिवावं त्ये उमगंना. बरं झालं बघ, ह्या चित्रात यिऊन बसली.”

ग्यासबत्तीचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता आणि डोक्यावरचा पदर मागे सरकला होता. बजाबाई तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं पुढे वाकून सोनाबाईच्या हनुवटीला बोट लावलं, एकेका ठिपक्याला.

“पडद्यावरल्या बाईला बी असंच गोंदान हाय,” ती म्हणाली. “तूच व्हय गं ती?”

सोनाबाईनं मान हलवली.

“मंग मी पडद्यापातूर कशाला पाटवू? पसर पदर.”

“मावशी, मी म्हणलं न्हवं का, नऊ वर्साची असताना माजा...”

“आईकलं म्या. बहिरी न्हाय मी.” बजाबाईच्या आवाजात थोडा राग होता, पण तो सोनाबाईवर नव्हता. “माज्या लेकीला आजवर समदी भ्याली. तिला काय पायजे त्ये कुनी इचारलं न्हाय. तू तिचं सोंग घेतलंस आन् तिच्यासाटी पदर पसरलास. आता माघारी घिऊ नगंस. घे तिच्या वाटंचं. तुज्या वाटंचं बी त्यातच हाय.”

सोनाबाईनं पदर पसरला. अंगणात पसरला होता तसाच, दोन्ही हातांनी. बजाबाईनं पदराच्या काठाला हळदीकुंकू लावलं आणि सुगड उपडं केलं. बोरं घरंगळली, घाटे, गाजराचे तुकडे, उसाचं कांडकं, मूठभर तीळ. पदराला वजन आलं. एवढंसं ते वजन, पण सोनाबाईला वाटलं, आपण इतकी वर्षं हात हलके घेऊन हिंडत होतो आणि त्यानंच दमलो होतो. ती रडत होती आणि तिला इतकं बरं वाटत होतं की बजाबाईचे आभार कुठल्या शब्दांत मानावेत ते कळेना. हात जोडावेत तर पदर सुटेल. ती नुसती वाकली आणि तिनं म्हातारीच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं.

पलीकडच्या दोघी बघत होत्या. “कोन गं ही, मावशी?”

“माजी लेक हाय,” बजाबाई म्हणाली.

आपापल्या सुगडातली मूठ मूठ त्या दोघींनी सोनाबाईच्या पदरात घातली आणि जागेवर जाऊन बसल्या.

तेवढ्यात अप्पा कनात बाजूला सारून वाट काढत आले. पागोटं तिरकं झालेलं, तोंडावर घाम. “बाई, एक बी किंचाळली न्हाय.”

“न्हाय किंचाळली, अप्पा,” सोनाबाई म्हणाली. “बार्शीच्या पोरीला सांगावा धाडा. माजी काही तक्रार न्हाय. तुमी मला हिरवं नेसू दिलंत, त्येचे उपकार मी इसरायची न्हाय.”

अप्पा तिच्या भरल्या पदराकडे बघत राहिले. हिशेबी माणूस, पण त्यांच्याही घरात आई-बहिणी होत्या. “कुनाला सांगावा आन् कशाला?” ते म्हणाले. “भाईर दुसऱ्या खेळाला बाया सुगडं घिऊन हुब्या हायत. बातमी कवाच गेली गड्डाभर. चला, उठा. म्होरं या, समद्यांना बघायचंय तुमाला.”

“थांबा, आदी गाठ मारू द्या.”

तिनं पदराची गाठ मारली, पण ओटी जास्त झाली होती, गाठीत मावेना. तेव्हा एका हातानं ती पोटाशी धरून ती अप्पांच्या मागून निघाली. जाताना पीरसाब दिसला. तो यंत्रापाशी पुढचं रीळ चढवत होता. “पीरभाई, तुमी थांबला न्हाईत म्हणून ह्ये झालं,” ती म्हणाली. पीरसाब रिळात तोंड घालून नुसतं “हौ बाई” म्हणाला, कारण त्याचेही डोळे धड नव्हते.

पडद्यासमोर सुगडांची रास होती. तिच्या पलीकडे जाऊन सोनाबाई लोकांकडे तोंड करून उभी राहिली, आणि बत्तीचा उजेड तिच्या हनुवटीवर पडला. ज्या बाईला आत्ता रिकाम्या पदरानं पडद्यावर बघितलं तीच हाडामांसाची, भरल्या ओटीनं समोर उभी. पुढच्या रांगेतल्या पोरांनी अशी किंकाळी फोडली की तंबूची कापडं हलली. त्या किंकाळीमागोमाग बायाही किंचाळल्या, आणि कनातीपलीकडचे बाप्ये तर त्यांच्याही वरताण.

“किंचाळले! किंचाळले!” अप्पांनी मांडीवर थाप मारली. मग पोरं खरंच रडायला लागली तेव्हा ते घाबरले आणि त्यांनी भोंगा सोनाबाईच्या हातात कोंबला. “बोला बाई कायतरी, पोरं भ्याली.”

सोनाबाईनं भोंगा तोंडाला लावला. घशाला कोरड पडली होती. कोल्हापूरचं ते यंत्र, ते हसणारे लोक, सगळं एकदा डोळ्यांपुढून गेलं. तंबूच्या मागच्या बाजूला, बत्तीच्या उजेडात, तिला बजाबाई दिसली, रिकामं सुगड मांडीवर घेऊन बसलेली.

“हितं या,” सोनाबाई म्हणाली. “भिऊ नगा.”

कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतली एक लहान पोरगी आईचा हात सोडून उठली आणि हळूहळू तिच्याकडे आली. सोनाबाईनं खाली बसून पदर थोडा सैल केला आणि त्यातली दोन बोरं काढून तिच्या हातावर ठेवली.